आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए: निफाडच्या पोरीने दिल्लीला जावं का?

निफाडकर मामा
भाचीचं राज्यशास्त्रात बीए झालं. आता तिला दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए करायचंय. दाजी म्हणतात, बीएड कर, हाताला काम तरी लागेल. मी पोरीच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण कांदा.

केंद्राने ७ डिसेंबर २०२३ला कांद्यावर निर्यातबंदी घातली आणि दुसऱ्या दिवशी लासलगावला लिलाव बंद पडले. आमची भरलेली ट्रॉली ताडपत्री टाकून अंगणात उभी. पोरगी ट्रॉलीला टेकून मोबाइलवर अधिसूचना वाचत होती. म्हणाली, "मामा, यात लिहिलंय की दुसऱ्या देशाच्या सरकारने मागितलं तर केंद्र परवानगी देऊ शकतं. मग ते मागणं कुणाकडे येतं? ठरवतं कोण?" मला सांगता आलं नाही. मार्चमध्ये बांगलादेशला ५०,००० टन आणि अमिरातीला १४,४०० टन मंजूर झाले, तोवर आमचा माल मिळेल त्या भावाने गेला होता. ज्या पोरीला हा प्रश्न पडतो तिला आपण अडवायचं का?

अभ्यासिका_पुणे
मामा, राग मानू नका, पण दाजींचं बरोबर आहे. परराष्ट्र सेवेत जायला ही पदवी लागतच नाही, यूपीएससीला कुठलीही चालते. राज्यशास्त्रासोबत हा विषय ऑप्शनल घेतला तरी एकूण २०२५ गुणांपैकी ५०० गुणांचा. त्या सेवेच्या जागा वर्षाला ५०च्या आसपास, कधी त्याहून कमी. मी यूपीएससीच्या तयारीत सदाशिव पेठेत सहा वर्षं काढली. दोन जणांत एक डबा, खोलीचं भाडं घरून. शेवटी वडिलांनी फोनवर फक्त "ये आता" एवढंच म्हटलं. शेतकऱ्याच्या घरात शिक्षणाचा हिशोब असाच होतो, आणि तो करायलाच हवा.

जेएनयू_२००९
अभ्यासिका, तुमचं दुःख खरं आहे, पण तुम्ही परीक्षेबद्दल बोलताय आणि मामा विषयाबद्दल. जेएनयूत हा विषय शिकवणारी संस्था १९५५ साली दिल्लीत सप्रू हाउसमध्ये सुरू झाली आणि १९७०ला जेएनयूत आली, ती स्वतंत्र भारताला जगाचा अभ्यास करणारी आपली माणसं हवी होती म्हणून. तिथे जगातल्या वेगवेगळ्या प्रदेशांवर वेगळी केंद्रं आहेत. जयशंकरांची पीएचडी तिथलीच. मी परभणीहून गेले. पहिलं सत्र इंग्रजीने रडवलं, रात्री वाचनालयात एकेक परिच्छेद तीनदा वाचायचे. माझ्या वर्गातले बहुतेक राजदूत झाले नाहीत, हे खरं. कुणी प्राध्यापक, कुणी संशोधन संस्थेत, कुणी वृत्तपत्राच्या परराष्ट्र डेस्कवर. पण मराठीत बांगलादेशावर नीट लिहिणारी माणसं शोधा, हाताच्या बोटांवर मोजाल.

रानडेची_विद्यार्थिनी
मला दोघांचंही अर्धवट वाटतं. निर्यातबंदीचा आदेश वाणिज्य मंत्रालयाच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने काढला, तो कुठल्या दूतावासात लिहिला गेला नाही. नुसते सिद्धांत शिकून मामांच्या ट्रॉलीचा प्रश्न सुटत नाही. सोबत अर्थशास्त्र हवं, डब्ल्यूटीओचे, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचे नियम हवेत, आणि एक तरी परकी भाषा. मी फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले, त्यावर आज माझं घर चालतं. परराष्ट्र सेवेतसुद्धा निवड झाल्यावर प्रत्येकाला एक परकी भाषा शिकावीच लागते. भाचीने आधी बंगाली शिकावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ढाक्याची वर्तमानपत्रं ती सकाळी स्वतः वाचेल.

अभ्यासिका_पुणे
बंगालीचं पटलं. एमएचं अजून नाही. जायचंच असेल तर घरच्यांशी दोन वर्षांची मुदत आधी बोलून घ्या. माझ्या घरात ते बोलणं कधी झालंच नाही.

निफाडकर मामा
काल रात्री ओसरीवर दाजींना हे सगळं वाचून दाखवलं. मुदतीचं त्यांना आवडलं. एमएच्या प्रवेश परीक्षेचा, सीयूईटीचा फॉर्म भरायला हो म्हणालेत, बीएडचाही भरायचा या अटीवर. मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "२०१९ला बंदी घातली, २०२०ला घातली, २०२३ला घातली. उद्या बांगलादेशाने स्वतःचाच कांदा वाढवला तर आपण कुणाला विकायचा? हे शिकवतात का तिथं?"

जेएनयू ताई, शिकवतात का?

जेएनयू_२००९
हो मामा. गिऱ्हाईक देशाचा विश्वास एकदा उडाला की तो काय करतो, यावर आम्ही अख्खं सत्र घालवलं होतं, फक्त उदाहरणं तेलाची आणि गव्हाची होती. कांद्याचं अजून कुणी लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही. तिला माझा निरोप द्या, प्रबंधाचा विषय हाच घे म्हणावं.