मदत हवी आहे: ऑनलाइन शाळेतला मुलगा, नववी, लिहायची सवयच गेली आहे

खारुताई

नमस्कार मंडळी. एरवी पाककृती वाचून गुपचूप जाणारी मी, आज स्वतःच धागा काढतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

नवऱ्याची नोकरी वीजप्रकल्पांच्या बांधकामातली, म्हणजे बिऱ्हाड पाठीवर. लेक पहिलीला चंद्रपूरला सेमी-इंग्रजीत होता, मग भरूच, मग रायचूर. प्रत्येक ठिकाणी बोर्ड वेगळं, तिसरी भाषा वेगळी. भरूचला गुजराती अक्षरं बसेपर्यंत रायचूरला कन्नड पुढ्यात. सातवीच्या ऐन सहामाहीत ओडिशात अंगुळला बदली झाली तेव्हा आम्ही दोघांनीही हात टेकले आणि त्याला एका खाजगी ऑनलाइन शाळेत घातलं. निदान शाळा तरी बदलणार नाही, एवढाच विचार होता. नाव देत नाही, कारण मला भांडायचं नाहीये, मार्ग काढायचाय.

दोन वर्षं बरी गेली असं वाटत होतं. सकाळी साडेआठला लॅपटॉप, साडेबाराला सुट्टी, प्रगतिपुस्तकात 91 टक्के. परवा रविवारी मी सहज एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, दहावीची विज्ञानाची जुनी प्रश्नपत्रिका छापून आणली (त्याला दहावी एनआयओएसमधूनच द्यायची आहे, शाळाही तेच सांगते) आणि म्हटलं, बस, घड्याळ लावून लिही. चाळीस मिनिटांनी पेन खाली. "आई, हात दुखतोय." सव्वा पान झालं होतं. अक्षर पहिल्या चार ओळींनंतर उताराला लागलेलं. अपवर्तनाच्या आकृतीत आपाती किरण हाताने काढलेला, बाण नाहीत.

मग मी त्याच्या वह्या काढल्या. दोनशे पानी, एकरेघी, सहा विषयांच्या सहा. प्रत्येक पानावर तारीख, विषय, धड्याचं नाव, खाली दोन ओळी, आणि मग "पीडीएफ बघ". पानंच्या पानं "पीडीएफ बघ". दोन वर्षांत एकाही पानावर लाल शाईचा ठिपका नाही. परीक्षा सगळ्या पर्याय निवडायच्या होत्या, म्हणून 91.

मुलगा ढ नाहीये हो. तोंडी विचारलं तर अपवर्तन नीट समजावतो, वर टेबलावर ग्लासात पेन्सिल बुडवून दाखवतो. लिहायला बसला की संपलं.

प्रश्न तीन. एक, चौदाव्या वर्षी लिहायची सवय परत लागते का, आणि कशी? दोन, ऑनलाइन शाळेतल्या शिक्षकांकडून वही तपासून घेता येते का, की तशी अपेक्षाच करू नये? तीन, एनआयओएसची नोंदणी शाळा करते की आपण? शाळेला विचारलं की "योग्य वेळी कळवू" एवढंच उत्तर येतं.

---

चहाबाज

ताई, रागावू नका, पण सरळ तिथल्या केंद्रीय विद्यालयात घाला. मूल चार भिंतींत, चाळीस पोरांत वाढलं पाहिजे. लॅपटॉपसमोर शाळा होत नसते. कोविडमध्ये बघितलंय सगळ्यांनी.

---

खारुताई

चहाबाज, रागावले नाही. पण आमच्या साहेबांची कंपनी खाजगी ठेकेदार आहे. केंद्रीय विद्यालयात आधी केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मुलं, आमचा नंबर पार शेवटी. आणि पुढच्या जूनला आम्ही अंगुळात असू की नाही हे मला काय, साहेबांनाही माहीत नाही. चाळीस पोरांचं म्हणाल तर संध्याकाळी कॉलनीत क्रिकेट असतं, ओडिया शिव्याही शिकून झाल्यात.

---

गणितवाली

मी तीन वर्षं एका ऑनलाइन शाळेत आठवी-नववीला गणित शिकवते (तुमचीच नसावी अशी आशा). त्याआधी अकरा वर्षं साध्या शाळेत. दोन्हीकडचं बघितलंय म्हणून लिहिते.

तुमच्या मुलाचं काही चुकलेलं नाही, तो समोर जे मागितलं जातं तेवढं देतोय. माझ्या वर्गात तीस काळे चौकोन असतात. मी विचारते, "समजलं?" चॅटमध्ये पहिलं "हो मॅम" पडतं आणि पुढच्या चार सेकंदांत वीस "हो मॅम" पडतात. उदाहरणाचं उत्तर विचारलं तरी तेच, एकाने 12 लिहिलं की सगळ्यांचं 12. मी एकदा मुद्दाम पहिल्या मुलीला खाजगीत सांगितलं, 17 लिही. अठरा जणांनी 17 लिहिलं. हसू आलं आणि रात्री झोपही आली नाही.

साध्या वर्गात मी बाकांमधून चालायची. चालता चालता वहीवर नजर जायची, कोणी समीकरणाच्या दोन्ही बाजूंना वेगळ्या संख्येने भागतोय ते तिथल्या तिथे दिसायचं. ऑनलाइनमध्ये नेमकी ती फेरी गेली. चेहरा दिसण्याचा हट्ट सगळे धरतात, पण चेहरा बघून गणित कळत नाही. मला वही दिसायला हवी.

म्हणून मी काय केलं ते सांगते, तुम्हीही करू शकता. घरातला जुना फोन घ्या. टेबलाच्या कडेला दोन स्टीलचे डबे एकावर एक, वर पट्टी, पट्टीवर फोन असा ठेवायचा की कॅमेरा बाहेर येऊन खाली वहीकडे बघेल. पट्टीच्या मागच्या टोकावर जड पुस्तक, नाहीतर फोन धडाम. त्या फोनवरून तो वर्गात दुसरा सदस्य म्हणून शिरेल, आवाज पूर्ण बंद, नाहीतर शिट्टी घुमते. आता शिक्षकाला पेनाचं टोक दिसतं. आठवड्यात एक तास मी फक्त असा घेते, पाच-पाच मुलांच्या गटात. मुलांना कॅमेऱ्यात तोंड दाखवायला लाज वाटते, वही दाखवायला तेवढी वाटत नाही, हे मला उशिरा कळलं.

तुमच्या शाळेत हे होत नसेल तर शिक्षकांना थेट लिहा. "मुलाकडे लक्ष द्या" असं मोघम नको. "दर शुक्रवारी एका लेखी उत्तराचा फोटो पाठवेन, त्यावर लाल खुणा करून परत द्याल का?" असं नेमकं आणि थोडं मागा. पाच वर्गांच्या दीडशे मुलांच्या वह्या फोटोवरून तपासणं डोळ्यांना फार जड जातं, हे आमच्या बाजूने सांगते. एका पानाला बहुतेक जण नाही म्हणणार नाहीत.

आणि भूमिती. त्याला कर्कटक हातात देऊन वर्तुळाला बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायला सांगा. पडद्यावर जिओजेब्रा या भूमितीच्या अ‍ॅपमध्ये माझी मुलं ती दहा सेकंदांत काढतात. कागदावर टोक सरकतं, कंस भेटत नाहीत.

---

आडवाटेचा

माझी मुलगी दोन वर्षांपूर्वी एनआयओएसमधून दहावी झाली, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचं मी बघतो.

पहिलं म्हणजे "शाळा एनआयओएसची आहे" या वाक्यावर जाऊ नका. एनआयओएस हे बोर्ड आहे, सीबीएसईसारखंच केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखालचं, 1989 पासूनचं. तिथे विद्यार्थी स्वतः नोंदणी करतो, त्यांच्याच संकेतस्थळावरून, स्वतःच्या नावाने. खाजगी ऑनलाइन शाळा म्हणजे या बाबतीत फार तर शिकवणी. सीबीएसईची संलग्नता जमीन आणि इमारत असल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे पूर्ण ऑनलाइन शाळा मुलाला दहावीला बसवणार तर ती मुक्त विद्यालयातूनच किंवा एखाद्या परदेशी मंडळातून. तुमच्या शाळेकडून एकच गोष्ट मागा: नोंदणी तुम्ही करणार की आम्ही, हे ईमेलवर लेखी. फोनवरचं "योग्य वेळी" चालत नाही.

दहावीच्या प्रवेशाला 14 वर्षं पूर्ण लागतात. वर्षातून दोन परीक्षा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि प्रत्येकीच्या प्रवेशाच्या तारखा वेगळ्या. पाच विषय, त्यात एक किंवा दोन भाषा. प्रवेश पाच वर्षं चालतो, नऊ संधी, एका वेळी दोन-तीन विषय दिले तरी चालतात. बदली मध्येच झाली तर हा मोठा आधार आहे. आणि मराठी हा भाषाविषय आहे बरं का! आमच्या मुलीने घेतला होता. भरूच-रायचूरच्या फेऱ्यांत मराठी लिहायची राहून गेली असेल तर आधी तपासा, बोलता येतं म्हणून लिहिता येतं असं नसतं.

आता तुमच्या मुख्य दुखण्याशी जोडलेलं. परीक्षा केंद्रावर जाऊन कागदावर पेनानेच द्यायची असते. त्याआधी टीएमए, म्हणजे तपासून गुण मिळणारे गृहपाठ, ते हाताने लिहून स्कॅन करून चढवायचे. त्यांना 20 टक्के भार. अलीकडे अभ्यासक्रमाचेही दोन भाग केलेत, सुमारे 40 टक्के धडे टीएमएसाठी आणि उरलेले परीक्षेसाठी. हे आम्हाला उशिरा कळलं आणि पोरीने टीएमएचे धडे परीक्षेसाठी घोकले. तुम्ही तरी आधी यादी बघा.

प्रवेशाच्या अर्जात अभ्यासकेंद्र निवडावं लागतं. विज्ञानाचं प्रात्यक्षिक तिथेच. ऑनलाइन शाळेतल्या मुलाने परीक्षानळी चित्रातच बघितलेली असते, तेव्हा केंद्राला फोन करून प्रात्यक्षिकाचा सराव कधी देता ते आधीच विचारा. आमच्या केंद्राने दोन दिवस दिले, तेही मी तीनदा खेटे घातल्यावर.

आणि नाही, एनआयओएस म्हणजे नापासांचं बोर्ड नव्हे. अकरावीला प्रवेश मिळतो. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी मुक्त विद्यालयाची बारावी चालते की नाही हा घोळ बरीच वर्षं होता, तोही 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात मिटला. नातेवाईक विचारतील, तेव्हा हे पाठ असू द्या.

---

रिकामा पेन

सतरा नंबरचा फॉर्म भरून महाराष्ट्र बोर्डाची दहावी बाहेरून देता येते की! भावाने दिली होती.

---

आडवाटेचा

येते, पण केंद्र महाराष्ट्रातलं. अंगुळहून तीन आठवडे पोराला घेऊन कुणाकडे राहणार? सासर-माहेर बोर्डाच्या केंद्राजवळ असेल तर बघा.

---

जुनी शाई

निवृत्त शिक्षिका, मराठी आणि इतिहास. हाताबद्दल तेवढं सांगते.

सवय लागते. पण पहिल्याच दिवशी अख्खा पेपर दिलात ते चुकलं. पळायची सवय नसलेल्याला कुणी थेट सिंहगडावर पाठवतं का? दहा मिनिटांपासून सुरू करा. आणि निबंध नको, अनुलेखनही नको, चौदा वर्षांच्या मुलाला त्याचा अपमान वाटतो. श्रुतलेखन द्या, तेही त्याला आवडेल त्याचं. माझ्या नातवाला मी क्रिकेटच्या सामन्याचं वर्णन घालत असे. दर चार दिवसांनी पाच मिनिटं वाढवा.

पेन बघा. ही मुलं पेन घट्ट आवळतात, अंगठा तर्जनीच्या वर चढवतात, आणि कागदावर एवढं दाबतात की मागच्या पानावर ब्रेल उमटते. त्याचं पान उलटून बोट फिरवा, समजेल. मऊ चालणारं पेन द्या, वहीखाली आणखी चार-पाच कागद ठेवा. आणि टेबलाची उंची. लॅपटॉपला बरी असते ती लिहायला बरेचदा जास्त होते, खांदा वर उचलला जातो आणि दुखतो तो खांदा, पोर म्हणतं हात.

एवढं करून महिन्यानेही दहा-पंधरा मिनिटांत बोटं दुखत असतील तर एकदा डॉक्टरांना दाखवा. काही मुलांना खरंच त्रास असतो आणि आपण आळशी म्हणून मोकळे होतो.

---

खारुताई

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी येतेय, वृत्तांत देते.

जुनीताई, पान उलटून बोट फिरवलं. ब्रेलच! टेबलही तसंच निघालं, खुर्चीवर उशी दिली तर साहेब म्हणाले, पोरगा सिंहासनावर बसल्यासारखा दिसतो. श्रुतलेखनाला कॉलनीतल्या रविवारच्या सामन्याचं धावतं वर्णन तो स्वतःच रेकॉर्ड करतो आणि मी थांबवत थांबवत ऐकवते. दहावरून पंचवीस मिनिटांवर आलोय. ऱ्हस्व-दीर्घाची बोंब आहे, पण तो नंतरचा धागा.

गणितवाली, डबे-पट्टी जमलं. एक जड पुस्तक पुरत नाही, दोन लागतात, हे फोन एकदा वरणात पडल्यावर कळलं (जेवणाचंच टेबल आहे आमचं). विज्ञानाच्या सरांना तुम्ही सांगितलं तसं नेमकं लिहिलं, एका पानापुरतं. त्यांचं उत्तर त्याच रात्री आलं. शुक्रवारी अपवर्तनाची आकृती पाठवली, ती लाल बाणांसकट परत आली, कडेला लिहिलेलं: "किरणाला दिशा असते." लेकाने ते पान छापून घेतलं आणि वहीत चिकटवलं. "पीडीएफ बघ"च्या बरोबर वर.

गणिताच्या बाईंचं उत्तर नाही अजून. स्पर्शिकेचे कंस अजून भेटत नाहीत.

आडवाटेचे दादा, नोंदणी आम्हीच करायची असं शाळेने अखेर ईमेलवर कळवलं. म्हणजे वाट बघत बसलो असतो तर बसलोच असतो. मराठी घ्यायचं नक्की केलंय. आता एकच अडलंय: अभ्यासकेंद्र अंगुळचं टाकलं आणि परीक्षेआधी बदली झाली, तर केंद्र बदलून मिळतं का? कुणी प्रत्यक्ष बदलून घेतलंय?