मुंबईचा २०५०चा कार्बन आराखडा: सुरुवात बसपासून की विजेपासून?

सातरस्ता
मुंबई हवामान कृती आराखडा १३ मार्च २०२२ला जाहीर झाला. नेट झिरोसाठी, म्हणजे हवेत जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषला जावा यासाठी, देशाने २०७० साल धरलंय, मुंबईने २०५०. त्याआधी उत्सर्जनात २०३०पर्यंत ३० टक्के घट आणि २०४०पर्यंत ४४ टक्के, २०१९च्या तुलनेत. हिशेब नीट मांडलाय. शहराचं वर्षाचं उत्सर्जन २ कोटी ३४ लाख टन. त्यातलं साधारण ७२ टक्के इमारतींना वगैरे लागणाऱ्या ऊर्जेचं, २० टक्के वाहतुकीचं, उरलेलं कचऱ्याचं.

माझं भांडण क्रमाशी आहे. वीज कोळशावर बनते, आणि तिथे महापालिकेचा हुकूम चालत नाही. बसवर चालतो. बेस्ट या महापालिकेच्याच उपक्रमाचा बसताफा एकेकाळी ४ हजारांच्या पुढे होता. आज तो ३ हजारांच्या खाली आहे, आणि त्यातल्याही बहुतेक गाड्या भाडेतत्त्वावरच्या. मे २०२५मध्ये साध्या बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं. त्याच महापालिकेने साडेदहा किलोमीटरच्या किनारी रस्त्यावर १३-१४ हजार कोटी घातले. बस कमी झाली की माणूस आधी शेअर रिक्षा धरतो, मग हप्त्यावर स्कूटर घेतो. एकदा हप्ता सुरू झाला की तो थांब्यावर परत येत नाही. म्हणून दर वर्षी किती बस वाढणार तो आकडा आधी लिहा, मग २०५०चं बोलू.

माहीम_कॉजवे
तुमचा पायाच चुकलाय. विजेवर महापालिकेचा हुकूम नाही? कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत घरोघरी विजेचं बिल कोणाचं येतं? बेस्टचं! १० लाखांवर ग्राहक आहेत. कोणाकडून वीज घ्यायची, त्यात सौर किती, पवन किती, याचे करार हाच उपक्रम वीज नियामक आयोगाच्या मंजुरीने करतो. देशात किती महापालिकांच्या हातात असं काही आहे?

आणि तुम्ही ७२ टक्के बाजूला ठेवून २० टक्क्यांमागे लागताय. उद्या सगळ्या बस इलेक्ट्रिक केल्यात तरी त्या चार्ज कशावर होणार? कोळशावरच्याच विजेवर. गच्चीवरच्या सौर पॅनेलचाही फार गवगवा नको. वीस मजली इमारतीची गच्ची ती केवढी! त्यातून लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे निघतील, घराघरातले एसी नाहीत. मध्य वैतरणा धरणावर २० मेगावॉट जलविद्युत आणि ८० मेगावॉट तरंगत्या सौर पॅनेलची योजना महापालिकेनेच आखली. तिच्यामागे लागायला हवं.

सातरस्ता
बेस्टच्या विजेचा मुद्दा मान्य, मी तो सोडायला नको होता. पण तो कुलाबा ते माहीम-शीव या बेटापुरताच. उपनगरांत अदानी, टाटा, मुलुंड-भांडुपकडे महावितरण, आणि मुंबईची जास्त वस्ती उपनगरांतच आहे. शिवाय आणखी एक गोष्ट बोलायला हवी. बसचा तोटा पूर्वी वीज विभागाच्या पैशातून भरून निघायचा, ग्राहकाच्या बिलात त्यासाठी वेगळा आकार असायचा. तो बंद झाला आणि बसची कंबर मोडली. म्हणजे तुमचं ७२ आणि माझं २० एकाच घरातलं आहे. कोळशावरच्या विजेवर चालली तरी भरलेली बस एकेका माणसाच्या गाडीपेक्षा कितीतरी कमी जाळते.

चेंबूरची
दोघांनाही विचारते, हा हिशेब कोणाचा? माणशी उत्सर्जन वर्षाला १.८ टन येतं, पण ती सरासरी आहे. मी कामानिमित्त गोवंडीत फिरते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याखालच्या खोलीत पंखा फक्त गरम हवा फिरवतो, बायका लेकरं घेऊन गल्लीत सावली शोधत बसतात. या घरांतलं उत्सर्जन कमी करायचं म्हणजे नक्की काय कमी करायचं? ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र आमच्याच बाजूला. १९२७पासून चालू असलेलं देवनार डम्पिंगही इथेच. जानेवारी २०१६मध्ये ते पेटलं तेव्हा धूर शहरभर गेला म्हणून बातमी झाली. सगळ्यात कमी वीज वापरणाऱ्यांनी सगळ्यात जास्त धूर खायचा, हे बदलत नसेल तर टक्केवारी मांडून उपयोग नाही. पहिला पैसा पत्र्यांवर पांढरा रंग, झाडं आणि देवनारच्या कचऱ्यावर गेला पाहिजे.

माहीम_कॉजवे
ताई, रंग आणि झाडं हवीतच, पण त्याने उत्सर्जन घटत नाही. ते उष्णतेपासून बचावाचं काम आहे. दोन्ही एका पिशवीत घातलं की कोळसा नामानिराळा सुटतो.

चेंबूरची
पिशवी आराखड्यानेच एक केली आहे. ऊर्जा, वाहतूक, कचरा, हरित आच्छादन, हवा, पूर, अशी सहा प्रकरणं आहेत त्यात.

पाव_मस्का
जानेवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, आणि महापालिका नोटिसा घेऊन दारात आली. मी एका बेकरीवाल्याचा मुलगा. भट्टी बदलणं म्हणजे नवीन ओव्हन, गॅसची पाइपलाइन, जागेची फेररचना, आणि पावाचा दर तर वाढवता येत नाही. धूर वाईट आहे हे आम्हाला कोणी शिकवू नये, तो आमच्या वडिलांच्या छातीत आहे. पण भट्टीला सहा महिने आणि औष्णिक केंद्राला २०५०, हा न्याय मला पटत नाही. मुदतीबरोबर कर्जाची सोय का नाही दिली?

सातरस्ता
भट्ट्यांचा आदेश हवेच्या प्रदूषणावरचा आहे, कार्बनवरचा नाही. पण तुमची तक्रार रास्त आहे.

कोपनहेगनहून
लांबच्या तारखांबद्दल इथला अनुभव सांगतो. कोपनहेगनने २०२५पर्यंत कार्बन-न्यूट्रल व्हायचं जाहीर केलं होतं. कचरा जाळून ऊर्जा करणाऱ्या आमागर बाके प्रकल्पात कार्बन पकडायची यंत्रणा बसवायची होती, तिला सरकारी निधी मिळाला नाही, आणि २०२२मध्ये शहराने ते लक्ष्य सोडून दिलं. म्हणून मला ओस्लोची रीत पटते. तिथे २०१७पासून पैशाच्या अर्थसंकल्पासोबत हवामानाचाही अर्थसंकल्प मांडतात. या वर्षी किती टन कमी होणार आणि जबाबदारी कोणत्या खात्याची, हे त्यात लिहिलेलं असतं.

सातरस्ता
मुंबईनेही २०२४मध्ये तसा पहिला हवामान अर्थसंकल्प काढला. भांडवली खर्चापैकी सुमारे १० हजार २०० कोटी हवामानाशी जोडलेले दाखवले, मोठा हिस्सा पाणी आणि पुराच्या कामांचा. ती कामं हवीच आहेत, पण त्यातली बरीच एरवीही करावी लागलीच असती. ओस्लोसारखा कामागणिक किती टन कमी झाले तो रकाना मला हवाय.

आणि तो मागणार कोण? नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ला संपली, आराखडा आला १३ला. पुढे जवळपास चार वर्षं प्रशासक होते. म्हणजे या आराखड्यावर निवडून आलेल्या सभागृहात चर्चाच न होता तो राबवला गेला. आता सभागृह आलंय. मी माझ्या नगरसेवकाला लेखी विचारणार आहे: बेस्टच्या पुढच्या वीजखरेदीत सौर-पवन किती, आणि या वर्षी बस किती वाढणार. माहीम, पहिला प्रश्न तुमच्या शब्दांत लिहून द्याल का?

माहीम_कॉजवे
देतो. चेंबूरच्या ताईंचा देवनारचाही घाला त्यात.

पाव_मस्का
आणि कर्जाचा.