इलेक्ट्रिक कुकरच्या रिंगचा लसणाचा वास जात नाही, आणि आता प्रेशरही धरत नाही

रोजचं_वरण (वाकड, पुणे)

नमस्कार मंडळी. सहा लिटरचा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घेऊन दोन वर्षं झाली. रोज वापर आहे. सकाळी वरण, संध्याकाळी उसळ नाहीतर पुलाव.

सासूबाई चातुर्मास पाळतात, कांदा-लसूण चार महिने बंद. आषाढी एकादशीनंतर पहिल्याच गुरुवारी नैवेद्याला साखरभात त्यात लावला. लवंगा, वेलची, केशर सगळं घातलं होतं, तरी झाकण उघडल्यावर आधी लसूणच नाकात शिरला. भांडं तर मी स्वतः लख्ख घासलेलं. सासूबाई एका शब्दाने बोलल्या नाहीत, पण ताटातला भात तसाच राहिला. त्या नैवेद्याचं किती मनापासून करतात ते रोज बघते, म्हणून फार लागलं.

झाकणातली सिलिकॉनची रिंग काढून हुंगली, वास तिलाच. साबण झाला, रात्रभर व्हिनेगर झालं, तीन दिवस गच्चीत उन्हात ठेवली. उन्हाने हळदीचा पिवळेपणा बराच उतरला. वासही गेल्यासारखा वाटतो, पण कुकर तापला की परत येतो.

दुसरा त्रास आठवडाभरापासूनचा. वीस मिनिटं नुसती वाफ सोडत बसतो, प्रेशर आलं की झाकणावर उचलली जाणारी पिन वर येतच नाही. पाणी उडून जातं आणि डाळ बुडाला लागते. दुरुस्तीवाले म्हणाले अख्खं झाकण बदला. खरंच बदलावं लागेल का? शिवाय आमच्याकडे टँकरचं पाणी, भांड्याच्या तळाला पांढरा थर धरलाय.

परदेशी_फोडणी (एडिसन, न्यू जर्सी)

वासासाठी आणखी झटू नका, दुसरी रिंग घ्या. सिलिकॉन गरम वाफेत वास ओढून घेतं, तो पूर्ण निघत नाही. आमच्याकडे लाल रिंग लसूण-मसाल्याची आणि पांढरी भात, खीर, दह्याचं दूध यांची. रंग वेगळे असले की घाईत गोंधळ होत नाही. मात्र तुमच्याच मॉडेलची आणि तेवढ्याच लिटरची हवी. गॅसवरच्या कुकरचं काळं रबर इथे चालत नाही.

रोज वापर असेल तर वर्ष-दीड वर्षात रिंग बदलायचीच असते, तुमची तशीही झाली. आणि धुतल्यावर झाकण घट्ट लावून ठेवू नका, भांड्यावर उलटं ठेवा. मी हे एवढं एकच पाळते आणि फरक पडतो.

वाफ_आणि_वात (नाशिक)

ताई, झाकण बदलण्याआधी वाफ नक्की कुठून येते ते बघा. कडेने येत असेल तर रिंग तारेच्या कड्यात नीट बसली नाही. वाफ सोडायच्या बटणातून येत असेल तर ते बंद खुणेवर नाही किंवा त्यात काही अडकलंय. पिनेच्या भोकातून सुरुवातीला थोडी येतेच, पण पिन उचलत नसेल तर दोष तिथे.

कुकर पूर्ण गार होऊ द्या, प्लग काढा. झाकण उलटं करा. पिनेच्या खालच्या टोकाला नखाएवढी सिलिकॉनची टोपी असते, ती काढली की पिन वरून बाहेर येते. टोपी कडक झाली किंवा चिरली असेल तर प्रेशर धरणार नाही. आतल्या बाजूला वाफेच्या तोंडावर जाळीदार स्टीलची टोपी असते, तीही काढून जुन्या ब्रशने घासा. डाळीचा फेस तिथेच वाळून बसतो. म्हणूनच डाळ, छोले, राजमा पाण्यासकट अर्ध्या भांड्याच्या वर भरू नका.

पितांबरी_आजी (सांगली)

पांढरा थर क्षारांचा. एक लिटर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घाला, झाकण न लावता उकळी आणा, अर्धा तास राहू द्या. तारेची घासणी लावू नका. निळसर-इंद्रधनुषी डाग दिसले तर थोड्या व्हिनेगरने पुसा, निघतात.

बाहेरचा डबा नळाखाली कधी धरू नका, आत वायरी आहेत. ओलसर फडक्याने पुसायचा. आणि भांडं ठेवण्यापूर्वी त्याचं बूड व खालची तापणारी चकती दोन्ही कोरडी हवीत. एक भाताचं शीत खाली राहिलं तरी भांडं नीट टेकत नाही.

रोजचं_वरण

सगळ्यांचे मनापासून आभार. वाफ पिनेतूनच येत होती. टोपी काढली तर एका बाजूने चिरलेली, आणि भोकात मुगाचं साल वाळून दगड झालं होतं! जाळीच्या टोपीमागेही पिवळा थर. दोन वर्षांत ती निघते हेच मला माहीत नव्हतं.

टोपी आणि दोन रिंग मागवल्या. झाकण बदलावं लागलं नाही. आधी नुसतं तीन कप पाणी घालून पाच मिनिटं प्रेशरवर लावून पाहिलं, पिन टक्‌ करून वर आली. लिंबूसत्त्वाने तळही स्वच्छ झाला.

पांढरी रिंग देवघराशेजारच्या फडताळात वेगळ्या डब्यात ठेवलीय, तिला लसूण लागू देणार नाही. काल तीच लावून साखरभात केला. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतला.

आजी, एक विचारायचं राहिलं: लिंबूसत्त्वाचं पाणी महिन्यातून एकदा पुरे, की टँकरच्या पाण्याला दर पंधरा दिवसांनी करावं?

पितांबरी_आजी (सांगली)

तळ पांढुरका दिसायला लागला की कर. दिवस मोजू नकोस.