गोव्यात शिवोलीतलं घर विकायचंय, गेटवर बोर्ड लावू की नको?

शिवोलीकरीण: नमस्कार मंडळी. मामांचं जुनं पोर्तुगीज काळातलं घर विकायला काढलंय, बाल्कांव म्हणजे दारापुढचा बसायचा ओटा, शिंपल्यांच्या खिडक्या, मागे नवा स्विमिंग पूल, अपेक्षा 7 कोटींची. ब्रोकर म्हणतो एवढ्या किमतीच्या घराला बोर्ड लावला की माल पडून आहे असं वाटतं. मामी म्हणते अमेरिकेत लेकीच्या गल्लीत मोठमोठ्या बंगल्यांसमोरही पाटी असते. तुम्ही कोणी लावलाय का?

पर्वरीचा बाब: आम्ही लावला होता, एप्रिलमध्ये फ्लेक्स, जूनच्या पहिल्या पावसात चिंध्या, मग म्हापशाच्या पेंटरकडून पत्र्याचा करून घेतला. आलेले निम्मे ब्रोकरच, एक जोडपं तर नुसतं फोटो काढायला आलं आणि वर चहा पिऊन गेलं!! पण घेतलं शेवटी शेजाऱ्याच्या दुबईवाल्या भाच्याने, चतुर्थीला आला तेव्हा बोर्ड बघून. म्हणजे उपयोग झालाच की.

धंद्यातला: मी दलालीच करतो म्हणून खरं सांगतो, ब्रोकरला बोर्ड नको असण्याचं एक कारण म्हणजे त्यावर तुमचा नंबर असला की गिऱ्हाईक थेट तुमच्याकडे येतं, त्याचं कमिशन गेलं. अर्थात 7 कोटीवाला दिल्ली-मुंबईचा माणूस आधी मोबाईलवर ड्रोन व्हिडिओच बघतो, गेटवरून जाताना थांबणारा क्वचित. लावायचाच तर छोटा लावा, किंमत नको, 'अर्जंट' तर मुळीच नको, तो शब्द वाचला की समोरचा 50 लाख कमी करूनच बोलायला बसतो. आणि मामी एकट्या राहत असतील तर 'फोन करूनच यावे' हे मोठ्या अक्षरात.

हळदोण्याचा भाटकार: ताई, बोर्ड राहू दे, आधी कागद बघा. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबाराच) अजून आजोबांचंच नाव असेल तर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टातली वाटणी, झालीय का? आपल्याकडे पोर्तुगीज सिव्हिल कोड, भावंडं तर आलीच, वर त्यांच्या नवरा-बायकांच्या पण सह्या लागतात. आमचा बोर्ड चढल्यावर चौथ्या दिवशी लिस्बनहून चुलतभावाचा फोन, 'माका सांगलें ना?' त्यापेक्षा वाईट म्हणजे मागच्या खोपीतला आमचा मुंडकार, म्हणजे मालकाच्या जागेत घर करून राहणारा, तीन पिढ्या राहतोय, 1975 च्या कायद्याने त्याला सहजासहजी कोणी बाहेर काढू शकत नाही, पण त्याला ही बातमी कळली कुठून तर बोर्डावरून. घाबरून तडक मामलेदाराकडे गेला. चूक आमचीच होती, पण पुढे दीड वर्ष एकही गिऱ्हाईक टिकलं नाही.

शिवोलीकरीण: देवा रे. आमच्याही मागे मुंडकार आहेत, म्हातारे नवरा-बायको, मामीने त्यांना अजून अवाक्षर सांगितलेलं नाही आणि पत्र्याचा बोर्ड रंगवून पोर्चमध्ये उभा आहे, कालपासून. आता मामीला घेऊन त्यांच्याकडेच जाते, बोर्ड तोवर आत ठेवते.