मदत हवी आहे: लॉग फाइल उडवली तरी डीएफ डिस्क भरलेलीच दाखवतंय

मंडळी, लिनक्सवाल्यांनी जरा बघा प्लीज. ऑफिसच्या उबुंटू सर्व्हरवर एका अ‍ॅपची लॉग फाइल फुगत फुगत 40 जीबीच्या वर गेली, डिस्क 97 टक्के झाली, म्हणून तिची कॉपी दुसरीकडे काढून ठेवली आणि मूळ फाइल आरएम (फाइल काढायची कमांड) मारून उडवली. आता एलएसच्या यादीत फाइल नाही, डीयूने (फोल्डरची साइज मोजणारी कमांड) मोजलं तर फोल्डर जवळपास रिकामं, पण डीएफ (पूर्ण डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) अजून 97 टक्केच दाखवतंय! आणि अ‍ॅप तर मस्त चालू आहे, मग जी फाइलच नाही तिच्यात ते लिहितंय कुठे? विंडोजवर अशी उघडी फाइल डिलीट करायला गेलं की बहुतेक वेळा सरळ नकार येतो, इथे का करू दिलं? रीबूट कर म्हणतात, पण दिवसा सर्व्हर बंद ठेवता येत नाही आणि मला आत नेमकं काय होतं तेही समजून घ्यायचंय, कारण लॉग पुन्हा फुगणारच आहे.

प्रतिसाद:
फाइल गेलेली नाही हो, नुसतं नाव गेलंय. डिरेक्टरीत (फोल्डरमध्ये) फक्त नाव आणि आयनोडचा (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) नंबर असतो, साइज, परवानग्या, डेटा कुठल्या ब्लॉकमध्ये आहे हे सगळं आयनोडकडे. प्रोग्रॅमने फाइल मागितली की कर्नल (सिस्टमचा गाभा) पाथमधली एकेक डिरेक्टरी बघत आयनोडपर्यंत जातो, परवानगी तपासतो आणि प्रोग्रॅमला एक आकडा देतो, तो फाइल डिस्क्रिप्टर (0, 1, 2 आधीच इनपुट, आउटपुट, एररला गेलेले असतात). पुढचं सगळं रीड-राइट त्या आकड्यावर चालतं, नाव परत कोणी विचारत नाही. आरएम डिरेक्टरीतली नोंद काढतं आणि लिंक काउंट (आयनोडला किती नावं आहेत तो आकडा) एकने कमी करतं, बस. काउंट शून्य झाला आणि कुठल्याच प्रोसेसकडे (चालू प्रोग्रॅमकडे) फाइल उघडी राहिली नाही, की मगच ब्लॉक मोकळे होतात. डीयू नावं शोधत मोजतं, डीएफ थेट फाइलसिस्टमला विचारतं, म्हणून हा फरक. विंडोजमध्ये फाइल उघडतानाच प्रोग्रॅम सांगतो की इतरांना डिलीट करू द्यायचं का, त्याने हो म्हटलं नसेल तर नकार येतो.

सुडो लावून (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने) एलएसओएफ प्लस एल वन (उघड्या फाइलींची यादी देणारी कमांड) चालवा, नाव गेलेल्या पण उघड्या फाइली दिसतील, पीआयडी (प्रोसेसचा नंबर) आणि एफडी (फाइल डिस्क्रिप्टर) नंबर टिपून घ्या. अ‍ॅपची सर्व्हिस रीस्टार्ट करता आली तर उत्तम, नाहीतर प्रॉकमध्ये (चालू प्रोसेसची माहिती दाखवणारं फोल्डर) त्या पीआयडीच्या एफडी फोल्डरमधल्या त्याच नंबरवर ट्रंकेट चालवून साइज 0 करा. नंबर दोनदा तपासा, चुकीची फाइल रिकामी झाली तर परत मिळणार नाही.

धागाकर्ता:
दादा, जमलं! एफडी 7 होता, ट्रंकेट मारल्या मारल्या डीएफ उतरलं. आता लॉगरोटेटमध्ये (लॉग फुगू न देता बदलत राहणारं साधन) कॉपीट्रंकेट (कॉपी काढून मूळ फाइल रिकामी करायचा पर्याय) टाकू का?

प्रतिसाद:
चालेल, पण कॉपी झाल्यावर ट्रंकेट होईपर्यंत आलेल्या ओळी हरवू शकतात. अ‍ॅपला सिग्नल देऊन लॉग नव्याने उघडता येत असेल तर तेच करा.