ग्रीस माखलेल्या ३१५ रायफलवर उकळते पाणी? निदान गोव्यात तरी नको

सत्तरीकर
परवा इथे एकाने सल्ला दिला: "जुन्या साठ्यातली ३१५ बोअरची रायफल आणलीत, ग्रीसने लडबडलेली आहे, तर बादलीभर उकळते पाणी ओता, पाच मिनिटांत लख्ख." खाली दहा जणांनी धन्यवाद दिले. हे असेच सोडून देणे बरे नाही.

साठवणीचे ग्रीस म्हणजे मेण मिसळलेले तेल. वर्षानुवर्षे त्यातला पातळ भाग उडून जातो आणि मागे गुळाच्या काकवीसारखा तपकिरी थर राहतो. तो साधारण ४५-५० अंशांना वितळतो, हे खरे. पण वितळून जातो कुठे? नळी आणि लाकूड यांच्या मधल्या फटीत, चापाच्या यंत्रणेत, बोल्टच्या (काडतूस आत ढकलून मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या) पोटात. तिथे थंड होऊन पुन्हा घट्ट बसतो, आणि त्याच्याखाली पाणी अडकते. जूनमध्ये हेच पाणी गंज होऊन बाहेर येते.

नीट करायचे तर आधी चेंबर (नळीत काडतूस बसते ती जागा) आणि मॅगझिन (काडतुसांची पेटी) रिकामे आहे हे डोळ्यांनी पाहा, बोट घालूनही पाहा. मग मॅगझिन आणि बोल्ट काढा. रंगाच्या दुकानात एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन) मिळते, अर्धा लिटर पुरते. सुटे भाग पसरट ट्रेमध्ये तासभर बुडवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. नळीत ४ बाय २ इंचाची फ्लॅनेलची चिंधी एमटीओत भिजवून चेंबरच्या बाजूने घाला. ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत चिंध्या बदलत राहा, आणि शेवटच्या दोन कोरड्या. पुलथ्रूची, म्हणजे नळीतून चिंधी ओढायची, दोरी सरळ ओढा. तिरकी ओढली तर नळीचे तोंड झिजते आणि नेम कायमचा बिघडतो.

एनसी थिनर (लॅकर पातळ करायचे द्रावण) मात्र अजिबात नको. एमटीओ वेगळे, थिनर वेगळे. थिनरने धातूवरचा काळा रंगही जातो आणि लाकडावरचे पॉलिशही.

म्हापसेकर
तो सल्ला माझाच. ब्रिटिश फौज आपल्या ली-एनफिल्ड रायफलीच्या नळीत उकळते पाणीच ओतायची, आणि ३१५ ची घडण त्याच वंशातली. उकळत्या पाण्याने लोखंड इतके तापते की आपोआप सुकते. तुमच्या एमटीओचा वास मात्र आठवडाभर घरातून जात नाही. दार-खिडक्या बंद करून पावसात हे काम करायला सांगता?

सत्तरीकर
म्हापसेकर बाब, ते पाणी ग्रीससाठी नव्हते. जुन्या काडतुसांच्या कॅपमध्ये (बुडाच्या ठिणगी देणाऱ्या टोपीत) क्लोरेट असायचे, गोळी उडाली की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरायचे. ते मीठच. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते, म्हणून पाणी. दोन वेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही एकच औषध देता. काम बाहेर बाल्कनीत करा, जवळ पेटती चूल नको, आणि पेट्रोल तर नावालाही नको.

दाबोळीकर
दोघेही बोल्टचे पोट विसरलात. सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. फायरिंग पिनच्या (कॅपवर आपटणाऱ्या सुईच्या) स्प्रिंगच्या वेढ्यांत ग्रीस राहिले की पिन जडपणे पुढे जाते, कॅपवर नुसता उथळ ठसा उमटतो आणि बार होत नाही. असे झाले तर बोल्ट लगेच उघडू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून ३० सेकंद थांबा. पिन सुटी करायला खास पाना लागतो. तो नसेल तर पकड लावून मळसूत्र खाऊ नका, अख्खा बोल्ट रात्रभर एमटीओत उभा ठेवा आणि सकाळी निथळू द्या. बोल्टचे डोके हाताने फिरवून निघते, पण ते त्याच रायफलचे राहिले पाहिजे. दोन रायफली एकदम साफ करताना डोकी बदलली तर काडतुसामागची फट चुकते.

मांडवीकाठ
एवढे सगळे काढून वर लावायचे काय? खोबरेल लावा. या हवेत तेच टिकते, कोयत्यांना पिढ्यान्पिढ्या तेच लावतात.

दाबोळीकर
खोबरेल? ते सुकून चिकट होते. कोयती रोज पुसली जाते, रायफल कपाटात पडून असते.

मांडवीकाठ
चूक. सुकते ते अळशीचे तेल, खोबरेल सुकत नाही. माहिती नसताना ठणकावून सांगू नका.

दाबोळीकर
बरे, सुकत नाही, मान्य. पण २४ अंशांखाली ते गोठते. डिसेंबरच्या पहाटे सत्तरीत किंवा काणकोणात पारा त्याखाली जातो. बोल्टमध्ये गोठलेले खोबरेल म्हणजे पुन्हा ग्रीसच. शिलाई मशीनचे तेल एक-दोन थेंब पुरते. आणि चेंबर पूर्ण कोरडे हवे. तेलकट चेंबरमध्ये काडतुसाची पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरून राहत नाही, सगळा धक्का बोल्टवर येतो, आणि या घडणीत बोल्टला अडवून धरणारे खिळ मागे असतात.

काणकोणचो
तेल कसले घेऊन बसलात! खरा गंज धरतो तो निवडणुकीत जमा केलेल्या बंदुकांना. २०२४ ला आचारसंहिता १६ मार्चला लागली, उठली ६ जूनला. म्हणजे ८० हून जास्त दिवस, आणि परत मिळते ती मृग तोंडावर असताना. पीकरक्षणाचा परवाना असलेला शेतकरी रानडुकरे शेतात घुसतात तेव्हा रिकाम्या हाताने बसतो, आणि वर गंज त्याच्याच माथी. यावर कोणी बोलत नाही.

म्हापसेकर
मग काय करायचे? ग्रीस काढायचे की परत लावायचे?

काणकोणचो
जमा करण्याआधी बाहेरच्या धातूवर आणि नळीत ग्रीसचा पातळ हात. कापडी खोळीत ठेवू नका, कापड ओल धरते. परत आली की नळीतून सगळे पुसा, मगच काडतूस. ग्रीस भरल्या नळीतून गोळी गेली तर नळी फुगू शकते.

सत्तरीकर
काणकोणच्यांचे बरोबर. लाकडाचे राहिले. ते वेगळे करताना घाई नको. जुन्या एसएमएलई (ली-एनफिल्डचाच एक प्रकार) घडणीत बटच्या, म्हणजे मागच्या लाकडाच्या, आतल्या लांब स्क्रूचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड आधी काढल्याशिवाय तो फिरवला तर लाकूड चिरते. मग लाकूड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून एप्रिलच्या उन्हात ठेवा. तासाभराने तेलाचा घाम फुटतो, तो पुसा, परत ठेवा. घाम थांबला की कच्च्या अळशीच्या तेलाचा पातळ हात. त्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा.

म्हापसेकर
ठीक. लाकूड लावलेले असताना पाणी नको, एवढे मानतो. सुटी केलेली नळी आधी एमटीओने, मग उकळत्या पाण्याने धुवायला तुमची हरकत नसावी.

सत्तरीकर
सुटी असेल तर नाही. पण पाणी उकळतेच हवे, कोमट नको, आणि नळी गरम असतानाच तेलाची चिंधी फिरवा.