जे-के की अ‍ॅरो: इनस्क्रिप्टवाल्यांचं काय?

टर्मिनलमध्ये (टाइप केलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या खिडकीत) मजकूर वाचताना अ‍ॅरो की वापरणं म्हणजे वेळ घालवणं, सगळ्यांनी ओळी खाली-वर सरकवायला जे-के या अक्षरांच्या की शिकाव्यात, असं काहीजण सांगतात. बोटं जागची हलत नाहीत हे अगदी मान्य. पण ही सवय इंग्रजी लेआउट गृहीत धरते. मी दारव्ह्याकडच्या गावात बसून मराठी मजकुराच्या फाइली तपासतो, त्यामुळे इनस्क्रिप्ट हा मराठी टायपिंगचा लेआउट चालूच असतो. त्यात जे दाबलं की ‘र’ जातो आणि के दाबलं की ‘क’. ‘लेस’ला, म्हणजे टर्मिनलमध्ये फाइल वाचायच्या प्रोग्रामला, दोन्ही कळत नाहीत, मजकूर तिथंच. स्पेसबार, पेज डाउन आणि अ‍ॅरो मात्र लेआउट कोणताही असो, चालतात. म्हणून मराठीत काम करणाऱ्या नवख्याला मी आधी याच शिकवतो, आणि त्यात काही कमीपणा आहे असं मला वाटत नाही.

एसएसएचवरून (नेटवरून दुसऱ्या संगणकावर काम करायची सोय) दूरच्या सर्व्हरवरची फाइल वाचायची असेल तर मात्र एकेक ओळ सरकवणं सोडाच, मग जे असो की अ‍ॅरो. नेट मंद असलं की दाबून धरलेली की साचत जाते. बोट उचललं तरी ओळी पळत राहतात आणि हवी ती निघून जाते. तिथं इंग्रजी लेआउटवर येऊन लेसमध्ये ‘डी’ दाबा, अर्धा स्क्रीन सरकतो. त्याआधी 10 टाइप केलं तर 10 ओळी सरकतात, आणि पुढं नुसतं ‘डी’ किंवा वर जायला ‘यू’ दाबलं तरी तेवढ्याच. विम या एडिटरमध्ये कंट्रोल-डी आणि कंट्रोल-यूलाही हीच सोय आहे.